माझी मुलगी बाहेरदेशी असते

दार उघडलं ते साखळीएवढंच. फटीतून आईचा एक डोळा दिसला, अर्धं नाक आणि लोकरी जाकिटाची एक बाही. "आई, मी आहे. स्मारांदा," असं स्मारांदा म्हणाली, आणि आतून स्वच्छ, खणखणीत आवाजात उत्तर आलं, "माझी मुलगी बाहेरदेशी असते. इथे ती यायची नाही. घरी बसली तर मरेल ती." मग दार लागलं. आपटलं नाही, आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. दारावर आलेल्या विक्रेत्याच्या तोंडावर लावावं तसं, कडी बसेपर्यंत सावकाश ढकलून लावलं. स्मारांदाच्या हातात ओबोर बाजारातून आणलेल्या चीजची पिशवी होती आणि त्यातलं खारं पाणी गळून तिच्या बुटावर पडत होतं. सातव्या मजल्यावर कोणाकडे तरी कोबी उकळत होता. तिने पिशवी दाराच्या मुठीला अडकवली, पुन्हा काढली, आणि स्वतःशीच एक सणसणीत शिवी हासडली.

पहिली दोन वाक्यं काही नवी नव्हती. पानगळ सुरू झाली तेव्हा टीव्हीवाहिनीने स्मारांदाला कायमचं मायदेशी बोलावून घेतलं, आणि तेव्हापासून जितक्या वेळा ती ह्या दारात उभी राहिली तितक्या वेळा तिने ती ऐकली होती. माझी मुलगी बाहेरदेशी असते. इथे ती यायची नाही. धाकट्या बहिणीने, झेनोवियाने, पहिल्याच दिवशी निदान करून टाकलं होतं : आईचं डोकं गेलं. आज थोरलीला ओळखत नाही, उद्या धाकटीला ओळखणार नाही, परवा गॅस उघडा ठेवून सगळा ब्लॉक उडवून देईल. उद्या सकाळी डॉक्टर येणार होता. तो विचारणार, ही कोण? आई म्हणणार, कोण जाणे. की झालं, सही, शिक्का, आणि शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात एक खाट. खाटेचं झेनोवियाने आधीच बोलून ठेवलं होतं. पण आजचं तिसरं वाक्य नवीन होतं. घरी बसली तर मरेल ती. हे आपण कुठेतरी ऐकलंय असं स्मारांदाला वाटलं, आणि कुठे ते आठवेना. दातात अडकलेल्या मांसाच्या धाग्यासारखं ते वाक्य तिला टोचत राहिलं.

लिफ्टमध्ये पर्वुलेस्कूबाई भेटल्या. सहाव्या मजल्यावरच्या. काखेत कुत्रं, तोंडात सगळ्या जिन्याच्या भानगडी. "नाही ना घेतलं आत?" त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर दुःख, डोळ्यांत मेजवानी. "अहो, तुम्ही टीव्हीवर असायचात तेव्हा तुमच्या आई, आग्लायाबाई, आम्हाला हाताला धरून धरून आत न्यायच्या. बघा, माझी लेक. बघा, मागे धूर दिसतोय. आणि आता साक्षात दारात उभ्या राहिलात तर साखळी! देवाच्या मनात काय असतं कोण जाणे."

"देवाचं सोडा. तुमच्या कुत्र्याने लिफ्टमध्ये घाण केलीय."

"ती ह्याची नाही. ती पाचव्या मजल्यावरच्यांची," पर्वुलेस्कूबाई म्हणाल्या, आणि तळमजला आल्यावर बाहेर पडता पडता ठेवून दिलीच, "आता पुढची लढाई कुठे, टीव्हीबाई? तुम्ही जाता तिथे आग लागते म्हणतात. आमच्या ब्लॉकात बिऱ्हाड करू नका म्हणजे मिळवली."

स्मारांदा बुखारेस्टमधल्या द्रुमुल ताबेरेइच्या त्या लांबलचक रस्त्याने चालत सुटली. हे शहर तिला कधीच आवडलं नव्हतं आणि आता तर ते अंगावर येत होतं. ट्रॉलीबसच्या काचेआडून लोक तिच्याकडे पाहत, ही कुठेतरी पाहिलीय असा चेहरा करत, आणि आठवलं नाही की तिच्यावरच चिडल्यासारखे मान फिरवत. कोपऱ्यावरच्या खिडकीत मीठ लावलेले कोव्रिगचे गोल पाव विकणाऱ्या बाईने पाव हातात देताना विचारलं, "तुम्ही त्या हवामानवाल्या ना?" हवामानवाली! ज्या गावांची नावं ह्या बयेला जन्मात उच्चारता येणार नाहीत तिथे उभं राहून जिने वीस-बावीस वर्षं हाडं झिजवली, ती हवामानवाली! गाढवाला गुळाची चव काय. पाव गरम होता. तिने तो तोडला, चावला आणि बेंचवर बसून खाताना तिच्या लक्षात आलं की आपण भिंतीला पाठ लावून, रस्त्याची दोन्ही टोकं दिसतील अशा बेताने बसलोय. इथे कोण गोळी घालणार होतं? पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. झेनोवियाच्या घरी बैठकीच्या खोलीतल्या कोचावर ती झोपायची, तिथेही पहिल्याच दिवशी तिने कोच खिडकीपासून ओढून आतल्या भिंतीला लावला होता, बूट आणि विजेरी उशाशी ठेवली होती आणि न्हाणीघरातला टब काठोकाठ भरून ठेवला होता. हॉटेलात पाऊल टाकलं की आधी टब भरायचा, मग बॅग उघडायची. पाणी कधी जाईल नेम नाही. झेनोविया सकाळी तोंड धुवायला गेली आणि तिथूनच ओरडली, "ताईसाहेब, इथे पाणी नळाला येतं! रोज येतं! हा काय तलाव करून ठेवलाय?"

तशी ही विद्या तिला कोणी शिकवली नव्हती. भाषा येतात म्हणून तिला युद्धाच्या बातम्यांना पाठवलं होतं, आणि दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून. पहिल्या दौऱ्यात ती लाल कोट घालून गेली आणि एका जर्मन म्हाताऱ्या बातमीदाराने तिला हॉटेलच्या दारातच अडवून म्हटलं, पोरी, तुला मरायचंय ठीक, पण माझ्या शेजारी उभी राहून मरू नकोस. सगळे तसेच होते. एकाच हॉटेलात, एकाच गच्चीवर, एकमेकांचे कॅमेरे चित्रात येऊ नयेत म्हणून एकेक कोपरा वाटून घेतलेला, आणि संध्याकाळी एकाच बाटलीभोवती एकमेकांचा पाणउतारा. कोणी कोणाला बातमी सांगायची नाही, आणि कोणी एकट्याने बाहेर जायचंही नाही. एक गेला की बाकीच्यांना त्यांचे संपादक विचारणार, तू का नाही गेलास? म्हणून कोणीच जायचं नाही, असा तह. लढाई दोन टेकड्यांपलीकडे. तिथे काय झालं ते बुखारेस्टचं कार्यालय वृत्तसंस्थेच्या तारेवरून वाचून हिच्या कानात सांगायचं, आणि ही गंभीर चेहऱ्याने, मागे धूर घेऊन, ते बुखारेस्टलाच परत सांगायची. उलटी गंगा. पहिल्यांदा तिला लाज वाटली होती. नंतर तिने तह मोडला, एकटी गेली, पाहिलं, आणि परत येऊन सांगायला उभी राहिली तर कानातला आवाज म्हणाला, हे कोणाकडेच नाही, पक्कं होईपर्यंत नको. जे सगळ्यांकडे असतं तेवढंच खरं. त्या दिवशी तिने गच्चीवरून खाली हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात थुंकून दिलं होतं. तरी ती तिथे सुखी होती, हे खोटं नाही. तिथे सकाळी उठलं की आपण कशासाठी उठलो हे ठाऊक असायचं. इथे घरी आलं की दोन दिवसांत हातापायांना मुंग्या यायच्या. कॅमेरामन नवरा होता तो त्याच मुंग्यांना कंटाळून गेला. जाताना म्हणाला, तुझ्याशी बोलायचं तर माणसाने आधी जखमी व्हावं लागतं.

नवऱ्यापेक्षा तिला जास्त ओळखत असेल तर तो नेकुलाई. नेकुलाईला तिने सबंध नोकरीत चार-पाचदाच पाहिलं असेल. तो बुखारेस्टच्या स्टुडिओत आवाजाच्या यंत्रापुढे बसायचा आणि तिच्या कानात राहायचा. थेट प्रक्षेपणाआधी आवाजाची पट्टी जुळवायला काहीतरी बोलावं लागतं, आणि सगळ्या जगातले आवाजवाले बातमीदाराला एकच प्रश्न विचारतात : सकाळी काय खाल्लं? जगबुडी झाली तरी तोच. पाठीमागे इस्पितळ जळतंय आणि ही सांगतेय, दोन उकडलेली अंडी, शिळा पाव, काळा चहा. पुरे, म्हणायचा नेकुलाई, अंडी ऐकू आली. मग प्रक्षेपण संपलं की तो घटकाभर लाइनवर थांबायचा, चौकशा करायचा, चावट काहीतरी बोलायचा. ती ईस्टरच्या आधीची एक दुपार होती, सीमेवरचं धुळीचं गाव होतं, ओठांवर माती होती, सकाळी एका शाळेच्या आवारात तिने जे पाहिलं होतं ते अजून डोळ्यांपुढून हलत नव्हतं, आणि कानात नेकुलाई म्हणाला, "सणाला घरी येतेयस ना? अंडी रंगवून ठेवलीयेत बायकोने." आणि ती म्हणाली...

हातातला पाव तिने बेंचवर ठेवला. ती म्हणाली होती, "घरी? घरी आहे काय? एक म्हातारी आणि तिचा टीव्ही. तिथे जाऊन बसले तर मरेन मी. त्यापेक्षा इथे बॉम्बखाली मेलेलं परवडलं."

डोळे कपाळात गेले तिचे. माइक उघडा राहिला होता त्या दिवशी. नेकुलाईनेच नंतर सांगितलं होतं, अगं, बटण खाली ओढायला क्षणभर उशीर झाला, अर्धा शब्द गेला असेल हवेवर, कोणाला कळलंसुद्धा नाही. तिने तेव्हा हसून सोडून दिलं होतं. आता तिने त्याला फोन लावला. तो निवृत्त होऊन गावाकडे राहत होता. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"नेकुलाई, त्या ईस्टरला माझं किती गेलं होतं हवेवर?"

"कुठल्या ईस्टरला? अगं, तू आहेस कुठे? काय खाल्लंस सकाळी?"

"किती गेलं होतं, नेकुलाई?"

त्याने आधी कोंबड्यांना हाकललं. "पडद्यावर हवामानाचा नकाशा होता," तो म्हणाला. "तो पोरगा पावसाकडे बोट दाखवत होता आणि खालून तुझा आवाज."

"किती?"

"सगळं. बॉम्बपर्यंत."

"तू अर्धा शब्द म्हणालास मला."

"मग काय म्हणणार होतो? बटण माझ्या हाताखालचं! मी तुझ्याशी बोलण्याच्या नादात होतो. नोकरी गेली असती माझी. साहेबाने त्याच संध्याकाळी ते चित्रण सगळीकडून काढून टाकायला लावलं. आठवडाभर हसले लोक, मग विसरले."

"एकाने तरी मला सांगायचं होतं."

"तुला? तुझ्या तोंडी लागणार कोण, बाई?" नेकुलाई म्हणाला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या आवाजात ओलावा नव्हता. "तू आम्हा सगळ्यांना कारकून समजायचीस. समजायचीस ना?"

तिने फोन बंद केला. म्हणजे आईने ऐकलं होतं. दुपारच्या बातम्यांना आई समोरच बसलेली असणार, मांडीवर मक्याच्या मामालिगाची बशी घेऊन, आवाज मोठा करून, कारण लेक बोलली की आवाज मोठा करायचा असा तिचा नेम होता. आणि त्यानंतर त्या ईस्टरला फोनवर ती काय म्हणाली होती? स्मारांदाने आठवायचा प्रयत्न केला. म्हणाली होती, तुझा तो खाकी कोट बरा दिसतो. म्हणाली होती, इथे थंडी लांबलीय. चकार शब्द काढला नव्हता. पुढची सगळी वर्षं नाही. रोज बातम्यांना तशीच बसत राहिली, फोन तसेच घेत राहिली आणि ते वाक्य पोटात घालून, त्याला धार लावत, लेक घरी येण्याची वाट पाहत राहिली. केवढी ही आतल्या गाठीची बाई! स्मारांदाला एकाएकी आईचा भयंकर संताप आला. भांडायचं होतंस ना! बोंबलायचं होतंस! मंत्री, सेनापती, तस्कर, सगळ्यांना तिने समोर बसवून खोटं बोलताना पाहिलं होतं; खोटं बोलणारा माणूस प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार ठेवतो हे तिला पाठ होतं. आणि दुसरं त्याहून साधं. अनोळखी दारात बातमीदार उभा राहिला की माणूस आधी विचारतो, कोण तुम्ही? गाव कुठलंही असो, हा प्रश्न चुकत नाही. आईने तिला अजून एकदाही 'कोण?' विचारलं नव्हतं. वेड नव्हतंच ते. शुद्ध, सडेतोड, घोटून तयार केलेला राग होता. आणि ह्या रागापायी उद्या ती स्वतःचं घर घालवणार होती.

झेनोविया दवाखान्यातल्या कामावरून नुकतीच घरी आली होती आणि उभ्याउभ्या सूप पीत होती. स्मारांदा दारातूनच म्हणाली, "आई वेडी नाही. नाटक करतेय ती. डॉक्टरला नको म्हणून कळव."

"वा! आल्या तज्ज्ञ." झेनोवियाने वाडगा ठेवला. "वरातीमागून घोडं. वीस वर्षं आईची औषधं मी आणतेय, पाय मी चोळतेय, लिफ्ट बंद पडली की सात मजले सामान मी चढवतेय. आणि तू चार महिन्यांत सांगतेस, नाटक!"

"तुझ्याशी नीट बोलते की नाही?"

"बोलते."

"पर्वुलेस्कूबाईशी? औषधवाल्याशी?"

"सगळ्यांशी बोलते. तुझ्याशीच नाही. पोटची पोर ओळखत नाही ही, ह्याहून मोठं वेड काय असतं?"

"मी एकदा काहीतरी बोलले होते. माइक उघडा होता. ते ती..."

"माहितीये," झेनोविया म्हणाली. "मी केस कापायला बसले होते. वर टीव्ही. सगळ्या बायकांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. कात्री थांबली होती त्या बाईची." ती सूप ढवळू लागली. "धावत आईकडे गेले. ती म्हणाली, दुसऱ्या कोणाचा तरी आवाज मिसळला. स्मारांदा असं बोलायची नाही. त्या पर्वुलेस्कूला दारातून हाकललं होतं तिने तेव्हा. तुझ्यासाठी भांडली ती सगळ्या जिन्याशी."

स्मारांदाने नेहमीचा चढा आवाज लावला. "मग तेव्हा वेडी नव्हती तर आता कशी झाली?"

"मला नाही माहीत! मी दमलेय. मला झोप हवीय, स्मारांदा. तुला काय, तुझं सामान बांधलेलंच असतं. उद्या कोणीतरी बोलावलं की चाललीस."

"मला कोणी बोलावत नाही आता."

"हं. म्हणून आई आठवली. का आईचा फ्लॅट?"

हे इतकं सरळ आलं की स्मारांदाने हात उगारला. उगारलेला हात तिने खुंटीवरच्या कोटाकडे नेला आणि ती बाहेर पडली. मागून झेनोविया ओरडली, "डॉक्टर ठरवेल! तुला ओळखलं तर राहील घरात, नाही तर नाही. माझ्याच्यानं होत नाही आता!"

दिवेलागणीला ती पुन्हा त्या दारात होती. घंटा वाजवली. साखळी, डोळा, बाही. ह्या वेळी तिने आईला बोलूच दिलं नाही. "ऐक. उद्या सकाळी डॉक्टर येतोय. झेनोवियाने बोलावलाय. मला ओळखलं नाहीस तर तुला शहराबाहेर नेऊन टाकतील. चार म्हाताऱ्यांच्या खोलीत. तुझं स्वयंपाकघर, बाल्कनी, सगळं जाईल. कळतंय ना तुला? तुला सगळं कळतं, मला ठाऊक आहे. मी काय बोलले होते तेही ठाऊक आहे." माफ कर म्हणायला ती आली होती. शब्द ओठापर्यंत आला आणि तिथेच अडला, कारण तो तिने हजारदा दुसऱ्यांच्या तोंडून काढून घेतला होता आणि किती खरा असतो तेही पाहिलं होतं. "उद्या एक दिवस ओळख दे. मग हवं तर जन्मभर दार उघडू नकोस. घरावर पाणी सोडू नकोस माझ्यावरच्या रागापायी. आई."

फटीतला डोळा तिच्यावरून फिरला. केसांवरून, ओठांवरून, खाली बुटांपर्यंत. बुटांवर चीजच्या पाण्याचा पांढरा डाग वाळला होता. ती आता काहीतरी बोलेल, बूट पूस म्हणेल, असं स्मारांदाला वाटलं. लहानपणी ती तशीच म्हणायची.

"माझी मुलगी बाहेरदेशी असते," आई म्हणाली आणि दार सावकाश लागलं.

सकाळी झेनोवियाने स्वतःच्या किल्लीने दार उघडलं. आज साखळी लावलेली नव्हती. आई खुर्चीत बसून होती, केस ओले करून मागे विंचरलेले, अंगात ठेवणीतलं निळं जाकीट, छातीवर ट्रॉलीबस आगारातून निवृत्त होताना मिळालेला बिल्ला. स्मारांदा आत आली. एवढ्या महिन्यांत ती पहिल्यांदाच आत येत होती. टीव्ही बंद होता आणि त्याच्यावर विणलेला पांढरा रुमाल घातलेला होता. ती दाराजवळच उभी राहिली. डॉक्टर बुर्लाकु जाडा, सर्दीने बेजार झालेला माणूस होता. त्याने आधी नाक शिंकरलं, मग आईला आजचा वार विचारला, ऋतू विचारला, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं.

"कुठपर्यंत जाऊ?" आई म्हणाली. "शेवटी दोन उरतात. तिकिटांचा हिशेब मी केलाय, डॉक्टर. तुम्ही अजून शाळेत असाल तेव्हा."

डॉक्टर हसला. झेनोविया हसली नाही. तिने स्मारांदाचा दंड धरून तिला पुढे ढकललं. "हिला विचारा. ही कोण ते विचारा."

स्मारांदाच्या कानात यंत्र नव्हतं, पलीकडे कोणी नव्हतं, पुढे काय बोलायचं ते कोणी सांगणार नव्हतं. फक्त आईचे दोन्ही डोळे होते, इतक्या दिवसांनी दोन्ही. ओळखत नाही म्हटलंस तरी चालेल, असं एक वेडगळ वाक्य तिच्या मनात आलं, पण घर सोडू नकोस.

"ही स्मारांदा," आई म्हणाली. "थोरली. पायाळू जन्मली, दाईने आशा सोडली होती. शाळेत असताना आतड्याची शस्त्रक्रिया झाली, डावीकडच्या दाढा काढल्यात. नवरा होता, गेला. आधी रेडिओत होती, मग टीव्हीवर. ग्रोझ्नी, बैरुत, बगदाद, मग पुन्हा बैरुत, काबूल, सीमेवरची गावं. ग्रोझ्नीत घसा बसला होता. काबूलला ताप होता, सांगितलं नाही, पण डोळे दिसत होते. अजून काही?" ती बातम्या वाचाव्यात तशी वाचत होती, आवाजात चढ नाही, उतार नाही.

डॉक्टरने लेखणीचं टोपण लावलं. "मग आजी, तुम्ही हिला ओळखत नाही असं का सांगता लोकांना?"

"मी कुठे म्हटलं ओळखत नाही? विचारा हिला, म्हटलं का कधी? मी म्हटलं, माझी मुलगी बाहेरदेशी असते. घरी आली तर मरेल. तिनेच सांगितलंय, साऱ्या देशाला, पावसापाण्याच्या वेळेला." आईने स्मारांदाकडे बोट केलं. "ही तर धडधाकट आहे. म्हणजे माझी मुलगी ही नव्हे. ह्यात वेड्यासारखं काय बोलले?"

डॉक्टर एवढा मोठ्याने हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. "माझ्यापेक्षा शाबूत आहे हो डोकं!" तो झेनोवियाला म्हणाला. "ह्यांना कुठे पाठवता? घरचं भांडण घरात मिटवा." त्याने आणलेल्या कागदावर काट मारली आणि कोट चढवला. झेनोविया त्याला सोडायला लिफ्टपर्यंत गेली, आणि जिन्यातून तिचं हुंदके देऊन रडणं ऐकू आलं. सुटकेचं होतं की हरल्याचं, तिलाही कळलं नसेल.

घर राहिलं. स्मारांदा लहानपणीच्या त्या कोचावर बसली, आणि आई उठून स्वयंपाकघरात गेली. आता ती येईल, शिव्या देईल, एखादी थोबाडीत देईल, आणि मग सूप वाढेल. ह्या घरात भांडण तसंच संपायचं. वडील होते तेव्हापासून. आतून कपाटाचं दार वाजलं, वरच्या फळीवरचं. तिथे सणावाराची भांडी असायची. पाण्याचा आवाज आला. स्मारांदाने डोळे पुसले आणि घाईघाईने बूट काढून कोचाखाली सरकवले, घरचं माणूस काढतं तसे.

आई तबक घेऊन आली. तबकावर भरतकामाचा रुमाल, काचेची छोटी बशी, बशीत हिरव्या अक्रोडाचा मुरंबा, एकच अक्रोड, काळाभोर, पाकात चकाकणारा. शेजारी चांदीचा चमचा आणि थंड पाण्याचा पेला. हे आमच्याकडे पाहुण्याला देतात. पोस्टमास्तर आला, पाद्री आला, नवऱ्याचा साहेब आला तर. पोटच्या पोरीपुढे असं तबक आजवर कुठल्या आईने ठेवलेलं नाही.

"घ्या ना," आई म्हणाली. "लांबून आलात. दमला असाल."

"आई..."

"संकोच करू नका. घरचाच आहे. साल काढताना बोटं काळी होतात, पण चव येते." ती समोर बसली नाही. हात पुढे बांधून उभी राहिली, ओठांवर पाहुण्यासाठीचं हसू. "मग? आता पुढे कुठे जाणार?"

स्मारांदाने चमचा उचलला. अक्रोड तोंडात घातला. तो फार गोड होता. ती पाणी प्यायली, सगळं प्यायली. आई तशीच उभी होती, रिकामी बशी परत घ्यायला हात पुढे करून.